कारणांच्या वहीतली एक नोंद

क्लेदरशॉ, लँकशायर
९ मार्च १९५३

आदरणीय प्रोफेसर थ्रेलकेल्ड,

पाकिटावरचं नाव वाचून ही कोण हेस्टर पॉलिट असं आपल्याला वाटलं असेल. सव्वीस वर्षांपूर्वी वॅडलो शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्या मुलींपैकी मी एक. परीक्षक आपण होता. शिष्यवृत्ती मला मिळाली नाही.

तक्रार करायला लिहिलेलं नाही, घाबरू नका. उलट आहे. आपण त्या वर्षी माझ्याशी जसे स्पष्ट बोललात, तसंच आता माझ्या भाचीशी बोलावं, अशी विनंती आहे. भाऊ विल्फची मुलगी, अ‍ॅव्हिस. आपल्याच सेंट ऑस्विन कॉलेजात कायदा शिकते. पोरगी हुशार आहे, पण तोंडाळ. जे बोलते ते छातीठोकपणे बोलते. पुस्तक उघडायच्या आधी उत्तर तयार. आता तिच्या डोक्यात वॅडलोला बसायचं खूळ शिरलंय. तीस एप्रिलपर्यंत नाव नोंदवायचं असतं. मी नको म्हटलं तर म्हणते, "आत्या, तू स्वतः कधी बसली नाहीस म्हणून तुला त्याची भीती वाटते."

तिला ठाऊक नाही. घरात कुणालाच नाही. त्या वर्षी मी घरी आले आणि ताप आल्यामुळे परीक्षेला बसले नाही म्हणून सांगितलं. वडील गिरणीतून येऊन माझ्यासाठी दूध तापवत होते. त्यांना मी खरं सांगू शकले नाही.

वॅडलोसाहेबांच्या मृत्युपत्रातली अट आपल्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. त्यांना तरुणपणी कुठलीशी जागा नाकारली आणि का ते कुणी सांगितलं नाही. म्हणून त्यांच्या शिष्यवृत्तीला जो हरेल, त्याच्या हरण्याचं कारण परीक्षकानं स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं आणि मागितली तर नक्कल द्यायची. मी मागितली होती. अजून आहे माझ्याकडे: "मिस पॉलिट यांनी टॅपस्कॉटच्या घोड्याच्या खटल्याचा निकाल वरच्या न्यायालयानं फिरवल्याचं ठामपणे लिहिलं आहे. तो फिरवलेला नाही. जिला आठवण आणि कल्पना यांतला फरक कळत नाही, तिच्या हाती कुणाचं भवितव्य देता येणार नाही."

मला वाटलं होतं की मी ते कुठंतरी वाचलंय. आपलं कारण वाचलं तेव्हा कळलं की मनानंच रचलं होतं. वकिलीचा नाद सोडला. इथं एका वकिलाच्या कचेरीत मुख्य कारकून आहे, जमिनींच्या खरेदीखतांचं काम बघते. प्रत्येक आकडा तीनदा तपासते. आमचे साहेब म्हणतात, "मिस पॉलिटनी तपासलं म्हणजे देवानं तपासलं." ही सवय आपल्या त्या तीन ओळींची देणगी आहे.

अ‍ॅव्हिसचं डोकं माझ्यासारखंच आहे. ठेच लागण्याआधीच तिला सांगा. आपलं ती ऐकेल.

आपली जुनी परीक्षार्थी,
हेस्टर पॉलिट

•

सेंट ऑस्विन कॉलेज
१४ मार्च १९५३

प्रिय मिस पॉलिट,

तुमचं पत्र मिळालं. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला सव्वीस वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिका आठवत नाहीत, तेव्हा त्याबद्दल काही लिहीत नाही. प्राध्यापकाचं अध्यासन सोडूनही मला पाच वर्षं झाली. आता कॉलेजनं दयेनं दिलेल्या दोन खोल्यांत राहतो आणि शेकोटी पेटवताना आगपेटीशी भांडतो.

तुमच्या भाचीला आजच लिहिलं आहे. त्या परीक्षेला लागणारा स्वभाव वेगळा असतो, तो तिच्यात नाही आणि तिनं त्या फंदात पडू नये, असं सांगितलं. वडीलधाऱ्यांचं ऐकण्यात कमीपणा नाही, असंही लिहिलं. पत्र जरा कडकच झालं आहे. पण अशा गोष्टी कडकपणे सांगितलेल्याच बऱ्या.

तुमचं आयुष्य कामात गेलं हे वाचून बरं वाटलं.

तुमचा,
अ‍ॅम्ब्रोज थ्रेलकेल्ड

•

क्लेदरशॉ
२८ मार्च १९५३

आदरणीय प्रोफेसर थ्रेलकेल्ड,

आपले उपकार कसे फेडू? सोबत आल्याचा केक पाठवते आहे. आमच्याकडचा आहे, ओटच्या पिठाचा. आठवडाभर डब्यात ठेवून मगच खायचा, नाहीतर दात हलतात.

अ‍ॅव्हिस सुटीवर घरी आली आहे. आपलं पत्र तिनं दारातच माझ्या हातात दिलं. म्हणाली, "घे. तुझ्याच बाजूचा साक्षीदार." मग वर गेली. जेवायला आली तेव्हा डोळे सुजले होते. विल्फनं विचारलं, "काय गं, कुणी मेलं का?" ती म्हणाली, "कुणी नाही बाबा. बटाटे द्या."

सगळी पुस्तकं खोक्यात भरून पलंगाखाली ढकलली आहेत. वसंतातल्या सत्राला परत जायचं नाही म्हणते. इथल्या मुलींच्या शाळेत टंकलेखन शिकवायला बाई हव्या आहेत, तिथं अर्ज दिलाय. मी म्हटलं, "अगं, परीक्षेला बसू नको म्हटलं होतं, कायदा सोड म्हटलं नव्हतं." तर म्हणाली, "इतका मोठा माणूस म्हणतो की माझा स्वभावच त्याला लागणारा नाही. मग उगाच कशाला कुणाची जागा अडवू?"

मनाला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू? पण माझंही तसंच झालं होतं आणि मी काही मेले नाही. होईल तिची सवय. आपण योग्य तेच केलंत.

आपली,
हेस्टर पॉलिट

•

क्लेदरशॉ
१३ एप्रिल १९५३

आदरणीय प्रोफेसर थ्रेलकेल्ड,

केक पोचला की टपालवाल्यांनी खाल्ला? आपल्या प्रकृतीची काळजी वाटते. दोन ओळी टाका.

अ‍ॅव्हिसला शाळेत बोलावणं आलं आहे. एक मेपासून कामावर.

हेस्टर पॉलिट

•

सेंट ऑस्विन कॉलेज
१८ एप्रिल १९५३

प्रिय मिस पॉलिट,

केक पोचला. डबा टेबलावर आहे. मी तो उघडला नाही. उघडायचा मला हक्क नाही.

तुमच्या भाचीचं टंकलेखनाचं वाचल्यापासून हे पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता न थांबता लिहितो.

तुम्ही चुकला नव्हता. टॅपस्कॉटच्या घोड्याचा निकाल वरच्या न्यायालयानं फिरवला होता. जूनमधली ती परीक्षा गुरुवारी होती आणि घोड्याचा निकाल त्याआधीच्या मंगळवारी लागला होता. बुधवारच्या वर्तमानपत्रात तो छापून आला. तुम्ही तो तिथंच वाचला असणार. मी वाचला नव्हता. निकाल कातडी बांधणीच्या खंडात छापून येईपर्यंत तो मला निकालच वाटत नसे. वर्तमानपत्रात कायदा वाचणारा माणूस आणि न्हाव्याकडे इतिहास शिकणारा माणूस एकाच लायकीचे, असं मी वर्गात म्हणत असे. मुलं हसत. मला ते हसणं आवडे.

कारणं लिहून वहीला लाखेची मोहोर लावून मी मोकळा झालो. नऊ दिवसांनी आमच्या भोजनगृहात एक न्यायाधीश माझ्या शेजारी जेवायला बसले. मटण वाढून घेता घेता म्हणाले, "काय थ्रेलकेल्ड, त्या घोड्यानं शेवटी मालकालाच लाथ मारली की!"

"कुठल्या घोड्यानं?"

"टॅपस्कॉटच्या. भाड्यानं दिलेल्या घोड्यानं कुणाला लाथ मारली तर जबाबदार मालक, स्वार नाही. पंधरवडा होत आला. तुम्ही पेपर वाचत नाही का?"

मी म्हणालो, "वाचला तर." आणि पाणी प्यायलो.

तुमचं नाव मला त्याच क्षणी आठवलं. आठवत नाही असं गेल्या महिन्यात लिहिलं, ते खोटं होतं. असा एकही जून गेला नाही की ते आठवलं नाही.

मृत्युपत्राप्रमाणे कॉलेजच्या प्रार्थनाघरात, चॅपलमध्ये, कारणं वाचून दाखवेपर्यंत परीक्षकाला लाख फोडून नोंद सुधारता येते. माझ्या हातात चार दिवस होते. पण इंग्लिश कायद्याचं वॅडलो अध्यासन त्याच महिन्यात रिकामं झालं होतं. निवड करणारे तीन आठवड्यांनी बसणार होते आणि उमेदवारांत मी होतो. देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचा ताजा निकाल ज्याला माहीत नाही आणि विद्यार्थिनीला आहे, त्याला ते अध्यासन कसं देतील? मी चार दिवस काहीच केलं नाही. काही न करणं किती सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं.

तुम्हाला दोन गुण कमी पडले होते. त्या प्रश्नाचे मी अकरा कापले होते. शिष्यवृत्ती तुमची होती. ज्याला मिळाली त्या माणसाचा यात काही दोष नाही, त्याला आजही काही ठाऊक नाही. अध्यासन मला मिळालं. एकवीस वर्षं मी त्यावर बसून मुलांना सांगितलं, की कारण न देता कुणाला दोषी ठरवणं हा कायद्याचा सर्वांत मोठा अपराध आहे. खोटं कारण देणं हा त्याहून मोठा आहे, हे मी कधी बोललो नाही.

आता सर्वांत वाईट तेच राहिलं. परीक्षेला नाव देण्याआधी उमेदवारानं गेल्या पन्नास वर्षांची कारणं वाचायची, अशी इथली रीत आहे. अ‍ॅव्हिस वही उघडेल, आत्याचं नाव बघेल, खंड काढून तारखा ताडून पाहील. तिला अर्धा तास पुरला असता. तुम्ही मला तिला थांबवायला सांगितलंत आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिचा स्वभाव त्या परीक्षेला योग्य नाही, असं मी लिहिलं. मी त्या मुलीला एकदाही पाहिलेलं नाही.

क्षमा मागण्याची माझी लायकी नाही. पण तीस तारखेला अजून बारा दिवस आहेत.

अ‍ॅम्ब्रोज थ्रेलकेल्ड

•

क्लेदरशॉ
रविवार, २६ एप्रिल १९५३

प्रोफेसर थ्रेलकेल्ड,

आपलं पत्र सोमवारी आलं. पाच दिवस मी कचेरीत गेले, खतं तपासली. काल मँचेस्टरच्या मोठ्या वाचनालयात जाऊन १९२७ सालचे जूनचे पेपर काढायला लावले. तिथला माणूस म्हणाला, "बाई, फार जुनं आहे, धुळीनं शिंकाल." म्हटलं, शिंकेन.

बुधवार, पान पाच, डावीकडे खाली. शेजारी बायकांच्या पायमोज्यांची जाहिरात होती. ती जाहिरातसुद्धा मला आठवत होती, प्रोफेसर. इतकी वर्षं मला वाटायचं की मोज्यांची जाहिरात खरी असेल आणि निकाल तेवढा मी रचला असेल. मी तिथं उभी राहून रडले. मी वेडी नव्हते. सव्वीस वर्षं मी वेडी असल्यासारखी स्वतःवर पहारा ठेवला. गॅस बंद केला का, तीनदा बघायचं. दाराला कुलूप लावलं का, तीनदा बघायचं. एकानं लग्नाचं विचारलं होतं. त्यानं खरंच विचारलं की मला तसं वाटलं, याचाच विचार करत बसले. तो काय माझ्यासाठी थांबतो!

आपल्याला प्रश्न पडला असेल की सगळं तीनदा तपासणाऱ्या बाईनं हे एकदाही का उघडून पाहिलं नाही. मलाही काल तोच पडला. उत्तर सोपं आहे. ते आपण लिहिलं होतंत. कारकुनानं लिहिलेलं माणूस तपासतो, परीक्षकानं लिहिलेलं कोण तपासतं? त्यातून आम्ही मुली. त्या खोलीत बसायला मिळालं हेच उपकार वाटायचे. पुढं त्या घोड्याचं नाव कुठं दिसलं तरी मी पान उलटायची.

आपल्याला मी खूप वाईट शब्द लिहिले होते. तो कागद चुलीत टाकला, कारण अर्धे शब्द मलाच लागू होते. मी अ‍ॅव्हिसला ठेचेपासून वाचवत नव्हते. तिनं वही उघडली असती, माझं नाव वाचलं असतं आणि आत्या खोटं बोलली हे तिला कळलं असतं. तेवढ्यासाठी मी पोरीची पुस्तकं पलंगाखाली ढकलायला लावली. आपण आपलं अध्यासन राखलंत आणि मी माझा ताप.

काल संध्याकाळी तिला आणि विल्फला समोर बसवून दोन्ही पत्रं वाचून दाखवली, आपलंही आणि कचेरीच्या सवयीनं नक्कल ठेवलेलं माझं पहिलंही. विल्फ म्हणाला, "म्हणजे आपला म्हातारा ते दूध फुकटच तापवत होता." आणि उठून कोंबड्यांकडे गेला. अ‍ॅव्हिसनं कागदांच्या नीट घड्या घातल्या. मग म्हणाली, "आत्या, तू मला थांबवलंस त्याचा राग आहे. पण तू स्वतःवरच विश्वास ठेवला नाहीस, त्याचा जास्त आहे." रात्रीतच तिनं पुस्तकांचं खोकं उघडलं.

ती परवा सकाळच्या गाडीनं येते आहे. माझ्याकडे क्षमा मागू नका. तिच्याकडेही नको. वहीत लिहा, आपल्या हातानं. आणि मेमधल्या संस्थापकदिनी चॅपलमध्ये उभे राहून वाचा, माझं पूर्ण नाव घेऊन.

हेस्टर पॉलिट

•

सेंट ऑस्विन कॉलेज
२९ एप्रिल १९५३

प्रिय मिस पॉलिट,

काल सकाळी वही मागवली. जुनी नोंद खोडता येत नाही, खाली नवी लिहिता येते आणि तीही परीक्षक जिवंत असेपर्यंतच. मी लिहिलं: "मिस हेस्टर पॉलिट यांचं उत्तर बरोबर होतं. चूक परीक्षकाची होती. परीक्षकाला ती निकाल जाहीर होण्यापूर्वीच कळली होती आणि स्वतःच्या लाभासाठी त्यानं ती झाकली." अक्षर वाईट आलं. पुन्हा लिहावं असं वाटलं, पण तसंच राहू दिलं.

शाई वाळत होती तोच तुमची भाची आली. पाच मिनिटं उभ्यानं वाचत राहिली. मग म्हणाली, "सर, मला पत्र लिहिण्याआधी तुम्ही मला कधी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग आता पाहून घ्या."

मी पाहिलं. तिनं माझंच पेन उचललं, उमेदवारांच्या यादीत नाव लिहिलं, पेन टोपण लावून जागेवर ठेवलं आणि गेली.

सोळा मेला दुपारी तीन वाजता वाचीन.

अ‍ॅम्ब्रोज थ्रेलकेल्ड

•

क्लेदरशॉ
१२ जुलै १९५३

प्रोफेसर थ्रेलकेल्ड,

सोळा मेला मी आले होते. आपल्याला कळवलं नाही. चॅपलच्या दारात आपण पायरीशी अडखळलात आणि शेजारच्या बाईला म्हणालात, "जरा एवढी काठी धरता का?" ती बाई मी. मी काठी धरली. आपण टोपी नीट केलीत, मला धन्यवाद म्हणालात आणि आत गेलात. इतकी वर्षं आपलं नाव घेतल्याशिवाय माझा दिवस गेला नाही आणि आपण मला ओळखलं नाहीत. ओळखणार तरी कसे? आपल्याला माझा चेहरा कधी माहीतच नव्हता, फक्त अक्षर माहीत होतं.

आपण वाचलंत. माझ्या नावापाशी आपला आवाज बसला, तेव्हा आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. ते मला बरं वाटलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "म्हाताऱ्यानं हे आता कशाला उकरून काढलं?" मी त्यांच्या खांद्यावर बोट टेकवून म्हटलं, "माझ्यासाठी." त्यांची मान खाली गेली. नंतर लोक आपल्याभोवती जमेनात, आपण एकटेच काठी टेकत गेलात. मी मागोमाग येणार होते. दारातच थांबले. ते अजून जमत नाही आणि जमेल असं वचनही देत नाही. पण सव्वीस वर्षं हे मनात घेऊन जेवणं कसं असतं, याचा मी अलीकडे विचार करते. माझं ओझं निदान दुसऱ्यानं टाकलेलं होतं.

आता निकालाचं. आपल्यापर्यंत पोचलाच असेल. अ‍ॅव्हिस हरली.

कारणाची नक्कल मागवली. या वर्षीच्या परीक्षकांनी लिहिलंय, की एका खटल्यात तिघांपैकी एकटे पडलेल्या न्यायाधीशाचं मत तिनं न्यायालयाचा निकाल म्हणून दिलं. पाकीट फोडल्यावर मी कोट चढवला आणि सरळ मँचेस्टर गाठलं. तो वाचनालयातला माणूस म्हणाला, "पुन्हा शिंकायला आलात?" खंड काढला. तिन्ही मतं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोनदा. परीक्षक बरोबर होते. पोरगी चुकली होती.

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी सकाळीच माझ्या पुस्तकात बघितलं गं. एकटा पडलेला तो न्यायाधीश इतकं छान लिहितो की मला वाटलं, हाच जिंकला असणार. गाढव आहे मी." दोन दिवस दारं आपटली, विल्फशी भांडली. तिसऱ्या दिवशी खाली आली आणि दोन अंडी जास्त मागितली. पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे.

मी तिच्या समोर बसून तिचं खाणं बघत होते, प्रोफेसर. शिष्यवृत्ती माझी होती हे कळल्यापासून मला वाटत होतं, की आपण माझ्याकडून तीच घेतली. तसं नव्हतं. घेतलीत ती हरल्यावर पुन्हा उठायची हिंमत. माझ्या वयाच्या बाईला भाचीचा हेवा वाटावा हे बरं नाही, पण मला वाटला. ती खरोखर हरली होती, आणि तिला भूक लागली होती.

हेस्टर पॉलिट